आधी भाकर, मग बोलणे



संदेष्टा एलीया रानात एका झुडुपाखाली बसला आणि आता मरण यावे अशी विनवणी करू लागला (१ राजे १९). देवदूताने त्याला ना उपदेश केला, ना दोष दिला. दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले, मध्ये पुन्हा निजू दिले. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतरचे. खचलेल्या मनाचा विचार करताना पोटाचाही विचार करावा, हे या पाठातून शिकायचे आहे.

उपासमारीने मनाचे काय होते? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये याचा अभ्यास केला. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. त्यांतले अनेक जण ब्रदरेन, क्वेकर व मेनोनाईट मंडळ्यांचे होते. युद्धात उपाशी राहिलेल्यांना कसे सावरावे हे कळावे, म्हणून ते २४ आठवडे अर्धपोटी राहिले. धडधाकट, हसतमुख अशी ही मुले उदास, चिडखोर आणि अबोल झाली. कशात लक्ष लागेना, मनात सतत अन्नच. त्यांची श्रद्धा कमी पडली नव्हती, अन्न कमी पडले होते.

पोट भरले तरी पोषण होतेच असे नाही. लोह कमी पडले की शरीराला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, थकवा येतो, उत्साह राहत नाही. अंडी, दूध, मासे, मांस यांतून मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व फार घटले तर विसराळूपणा आणि उदासी येऊ शकते.

२०१७ साली ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी एका गटाला १२ आठवडे भाज्या, फळे, कडधान्ये, मासे असा आहार घेण्यास मदत केली, तर दुसऱ्या गटाला गप्पागोष्टींची सोबत दिली. पहिल्या गटातील सुमारे ३२ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले, दुसऱ्या गटातील ८ टक्के. अभ्यास लहान होता, तरी विचार करायला लावणारा आहे.

आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात, नवे पीक येण्याआधी, अनेक घरांतले धान्य संपत येते. घरातली बाई बहुधा सर्वांच्या मागून जेवते. ती गप्प असेल, लेकराकडे लक्ष देत नसेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी विचारावे, “बाई, काल काय जेवलीस?” नागलीची भाकर, उडीद, कुळीथ, शेवग्याचा पाला, रानभाज्या, अंडी, सुकी मासळी हे तिच्या ओळखीचेच अन्न आहे. गरोदर व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीत अमृत आहार योजनेचे जेवण असते. तिथवर तिला सोबत करावी.

मात्र आहार हा उपचाराला पर्याय नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तिला एकटे सोडू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

चर्चेसाठी प्रश्न
१. एलीयाला आधी अन्न आणि झोप का दिली असावी?
२. आपल्या ओळखीच्या कोणत्या घरी या महिन्यात धान्य कमी असेल? तिथे कोण जाईल?