डेंग्यूनंतर पुन्हा सायकलवर

प्रश्न : डेंग्यूचा ताप उतरून दहा दिवस झाले. प्लेटलेट्सही पूर्ववत आहेत. येत्या रविवारी गटाबरोबर सायकलने सिंहगड चढावा का?

उत्तर : डेंग्यूचा ताप साधारण 2 ते 7 दिवस राहतो. तो उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण खरी जोखीम त्यानंतरच्या 24 ते 48 तासांत असते. या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब घसरू शकतो. प्लेटलेट्स दीड लाखांच्या बऱ्याच खाली असताना सायकलवरून पडल्यास रक्तस्राव आवरणे कठीण जाते. हा टप्पा आता मागे पडला आहे.

मात्र रिपोर्ट चांगला आला म्हणजे ताकद परतली, असे नव्हे. थकवा आणि अंगदुखी कित्येक आठवडे रेंगाळतात. सिंहगड पुण्यापेक्षा सुमारे 750 मीटर उंच आहे, आणि शेवटचा घाट तर धडधाकट सायकलपटूचाही दम काढतो. आधी आठवडाभर चालावे, मग सपाट रस्त्यावर बोलता येईल इतक्या वेगाने 8-10 किलोमीटर सायकल चालवावी. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा दहाएक ठोक्यांनी जास्त असेल, तर त्या दिवशी विश्रांतीच घ्यावी. छातीत दुखणे, धडधड, चक्कर यांपैकी काहीही जाणवल्यास ईसीजी काढून घ्यावा, कारण डेंग्यूत क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते.

येत्या रविवारी सिंहगड नको. गटाला पायथ्याशी चहाला भेटावे.