हिवाळ्यांतील कुंड्यांसाठीं झाडांची निवड

तुळशीचें लग्न झालें कीं अंगणांत चार कुंड्या मांडण्याची हौस पुष्कळांस होते. परंतु केवळ फूल पाहून झाड निवडल्यास पस्तावावें लागतें. आरोंद्यास आम्हीं एके वर्षीं सर्व कुंड्यांत शेवंतीच लाविली. रात्र वाढूं लागली कीं शेवंती कळ्या धरते. त्यामुळें सर्व झाडें एकदम फुललीं, एकदम सरलीं, आणि माघांत देवास फूल उरलें नाहीं.

याकरितां निवड मिश्र असावी. ८ ते १० इंची कुंडीस अबोली उत्तम. तिचा एक तुरा सरतो तों दुसरा निघतो. मात्र वाळलेले तुरे खुडावे. कोरांटी थंडींत फुलते व पाण्याची ओढ सोसते. मरवा फुलावांचूनहि हिरवा व सुगंधी राहतो. शेवंतीची एकच कुंडी पुरे.

मातीचे २ भाग, कुजलेलें शेणखत १ भाग व नदीची वाळू १ भाग घ्यावी. तळच्या भोंकावर खापरी ठेवावी. लहान कुंडी लवकर सुकते, म्हणून सकाळीं बोटानें ओल पाहून पाणी घालावें. तेरेखोल खाडीकांठच्या बंधूंनीं तें आधीं चाखावें. खारट पाण्याचें मीठ कुंडींत साचून पानांच्या कडा करपतात.