कुस्तीची गादी घरी घेताना

पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक आणले. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना कुस्तीची ओढ लागावी, यात नवल ते काय? गावच्या तालमीत गादी नसली की हौशी वडील घरच्या पत्र्याच्या खोलीतच काहीतरी अंथरून देतात. हेतू चांगला असतो. पण ‘काहीतरी’ अंथरणे आणि गादी घेणे यात फरक आहे. तो कळला नाही तर पोराला दवाखान्याची पायरी चढावी लागते.

गादीचा सराव हवा, यात शंका नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या त्या मल्लाला गादी नवखी होती. तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. आज महाराष्ट्र केसरीतही माती व गादी असे दोन विभाग असतात.

गादी करते काय? झेल घेताना आपण हात किंचित मागे घेतो, म्हणजे चेंडू लागत नाही. गादीही तेच करते. पडणारे शरीर एक सेंटीमीटरात थांबले तर जेवढा मार बसतो, त्याच्या साधारण चौथाई मार चार सेंटीमीटरात थांबल्यास बसतो. फरशी दबत नाही, म्हणून सगळा मार हाडाला.

हा नियम कुस्तीपुरताच नाही. गोल्फ आपल्याकडे कोणी खेळत नाही, पण त्याच्या नावाचे दुखणे आहे : गोल्फर्स एल्बो, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूचे दुखणे. घरात फरशीवर पातळ चटई टाकून चेंडू मारण्याचा सराव केला, की काठी आपटल्याचा झटका मनगटात आणि कोपरात जातो. कोयता आणि कुऱ्हाड चालवणाऱ्यांतही हे दुखणे मी नेहमी पाहतो.

आता निवड कशी करावी ते पाहू.

१) जाडी : दंड, बैठका, योगासने यांना सहा ते दहा मिलिमीटरची चटई पुरते. उचलून टाकण्याचे डाव करायचे तर किमान चार सेंटीमीटर जाडीचा भरीव फोम हवा.

२) घट्टपणा : गादीवर गुडघा टेकून सगळा भार द्या. खालची फरशी लागली तर ती गादी नको. पाय घोट्यापर्यंत रुतत असेल तर तीही नको. पाऊल अडकते आणि गुडघा पिळवटतो. घरची कापसाची गादी म्हणूनच चालत नाही. शिवाय तिच्यात गाठी होतात आणि ती धुता येत नाही.

३) आवरण : पुसता येईल असे रेक्झिनसारखे, शिवण न उसवलेले. ओल्या हाताने घासून पाहा, सटकता कामा नये.

४) सांधे : तुकडे जोडून गादी केली असेल तर मध्ये फट नको. अंगठा त्या फटीत अडकतो.

५) भोवतालची जागा : स्पर्धेच्या गादीवर नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाभोवती दीड मीटरची पट्टी मोकळी असते. घरीही भिंत, खाट, उंबरा तेवढ्या अंतरावर असावेत.

गेल्या पावसाळ्यात तेरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. लहान मुलांच्या खेळण्याचे रंगीत फोमचे तुकडे स्लॅबवर जोडून भाऊ-भाऊ डाव खेळत होते. पोरगा हातावर पडला. मनगट सुजले. पाच दिवस घरी तेलाने चोळले, मग दवाखान्यात आणले. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. तिला इजा होऊन दुर्लक्ष झाले तर हात वाकडा वाढू शकतो. एक्स-रे काढून त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले. पालकांनो, सूज आलेला सांधा चोळू नका. फळीचा आधार द्या आणि त्याच दिवशी दाखवा.

पोरगा डोक्यावर किंवा मानेवर पडला आणि मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात म्हणाला, तर त्याला उठवून बसवू नका. मान न हलवता, फळीवर आडवे ठेवूनच दवाखान्यात न्या.

गादीची स्वच्छताही तितकीच महत्त्वाची. घामट गादीवरून गजकर्ण एकाचा दुसऱ्याला होतो. रोज सरावानंतर जंतुनाशकाच्या पाण्याने, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, गादी पुसून वाळू द्यावी. अर्धी बादली पाणी पुरते, त्यामुळे टंचाईची सबब नको. बाहेरच्या चपला गादीवर नकोत. चट्टा दिसला तर मेडिकलमधून मनाने मलम आणू नका. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज थांबते, पण गजकर्ण आतून पसरत जाते.

चांगली गादी परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. खडे चाळून काढलेली, खोऱ्याने खणून भुसभुशीत केलेली माती पातळ चटईपेक्षा कितीतरी चांगली. मात्र जखमेत माती जाते, म्हणून धनुर्वाताची लस घेतलेली असावी. सरकारी कार्यक्रमात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते.

तेही जमत नसेल तर घरी फक्त दंड-बैठका, दोरीवरच्या उड्या कराव्यात. डाव तालमीतच, वस्तादांच्या नजरेखाली टाकावेत. गादी चार महिने उशिरा आली तरी पैलवान घडतो. मोडलेली मान मात्र पुन्हा पहिल्यासारखी होईलच असे नाही.