चव : एका शब्दाचे तीन अर्थ

वसतिगृहाच्या भोजनगृहात वारंवार ऐकू येणारे वाक्य आहे : ‘आज आमटीला चव नाही.’ मीठ कमी पडले, एवढाच त्याचा आशय. ‘चव’ शब्दाचा हा पहिला अर्थ जिभेचा.

दुसरा अर्थ मनाचा. वाचन, संगीत, कला यांविषयी बोलताना आपण ‘गोडी’, ‘रुची’, ‘अभिरुची’ हे शब्द योजतो. अभिरुची संधीने घडते. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक पडू दिले नाही, त्यांनाच अभिरुचिहीन म्हणणे हा अन्यायावरचा अन्याय होय.

तिसरा अर्थ प्रतिष्ठेचा. ‘चारचौघांत चव घालवली’ असे म्हणतो, तेव्हा चव म्हणजे पत, मान.

यांतील पहिला आणि तिसरा अर्थ महाडच्या तळ्यावर एकत्र आले. त्या तळ्याचे नावच ‘चवदार’. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले; मात्र ते कागदावरच. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्राशन केले. सनातन्यांनी नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले! पाण्याची चव कोणी बिघडवली, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे.

त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, ते पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही. आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे. म्हणजे प्रश्न जिभेच्या चवीचा नव्हता, मानाचा होता. त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर १७ मार्च १९३७ रोजी उमटली. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी दिलेली उपमा येथे आठवते. महासागराला सर्वत्र एकच चव असते, मिठाची. तशी धम्माला एकच चव असते, विमुक्तीची. त्याच उपदेशात ते सांगतात की, नद्या सागराला मिळाल्या की आपली नावे गमावतात. तसे संघात येणारे चारही वर्णांचे लोक आपली पूर्वीची कुळे मागे सोडतात.

स्वाध्याय : आपल्या गावात पूर्वी कोणत्या विहिरीचे पाणी आपल्या माणसांना मिळत नव्हते, हे आजी-आजोबांना विचारा व वहीत लिहून ठेवा. हा स्वाध्याय माजी विद्यार्थी व पालकांसाठीही आहे; सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.