विश्रांतीचा हिशेब

मुलांनो, सापशिडी तुम्ही खेळला असाल. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हाही एक बैठा खेळ आहे. तो १९७४ साली अमेरिकेत निघाला. यात प्रत्येक खेळाडू एका वीराची भूमिका घेतो आणि सर्व मिळून गोष्ट पुढे नेतात. लढाईत वीराची शक्ती घटते. ती भरून काढण्यासाठी त्याला विश्रांती घ्यावी लागते. गोष्टीतल्या वेळेनुसार छोटी विश्रांती एका तासाची, तर मोठी आठ तासांची असते. कोणाची किती शक्ती परत आली, हे खेळाडू कागदावर लिहितात. आता हा हिशेब संगणकही ठेवतो. मात्र वीराच्या वाट्याची विश्रांती संगणक घेऊ शकत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनो, तुमच्या झोपेचा हिशेब कोण ठेवतो?