चिखलणीच वगळली तर?

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातलं तुडील. लावणीचे दिवस. काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले, पुतणी पुण्यात संगणकावर काम करणारी.

पुतणी : काका, आमच्या कंपनीत ‘कमी श्रमांत जास्त काम’ यावर सारखी व्याख्यानं होतात. इथे काकू सकाळपासून चिखलात वाकलेली. शेतीतले कष्ट कमी करायचा विचार कुणी केलाच नाही का?

काका : केला की, आणि आपल्याच रायगडात. कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बाग आहे, तिथल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी. लावणी लवकर कशी उरकेल, हे बाकीचे शोधत होते. भडसावळ्यांनी विचारलं, लावणी हवीच कशाला?

पुतणी : रोपं न लावता भात?

काका : हो. ‘सगुणा राईस टेक्निक’, म्हणजे एसआरटी. आपली रीत बघ. कवळ तोडून राब भाजायचा, रोपं वाढवायची, ती उपटून मुठी बांधायच्या, चिखलणी करायची आणि वाकून एकेक चूड लावायचा. एसआरटीत गादीवाफे एकदाच करतात. दोन सऱ्यांमध्ये 136 सेंटिमीटर अंतर, वाफ्याचा माथा 100 सेंटिमीटर. लोखंडी साच्याने 25-25 सेंटिमीटरवर भोकं पाडायची, त्यांत तीन-चार दाणे आणि खत टाकून बुजवायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. पुढच्या वर्षी नांगर न घालता त्याच वाफ्यावर टोकण.

पुतणी : मग आपल्या वाडवडिलांनी चिखलणी उगाच केली?

काका : उगाच नाही गं. चिखलामुळे खालचा थर घट्ट बसतो, पाणी मुरून जात नाही आणि साचलेल्या पाण्यात तण दबतं. पण त्यात मातीची घडण मोडते. भात निघाल्यावर जमीन कडक होते, बारीक माती पावसाबरोबर सावित्री नदीत जाते. पाण्याखाली हवा नसते, तिथले जिवाणू मिथेन सोडतात, म्हणजे हवामान तापवण्यातही भातखाचराचा वाटा. एसआरटीत कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहतात, त्यांतून हवा-पाणी खेळतं, गांडुळं परततात.

पुतणी : आणि पीक?

काका : उपटलेल्या रोपाची मुळं तुटतात, सावरायला त्याचे दिवस जातात. टोकणीच्या रोपाला तो धक्काच नाही, म्हणून पीक आठ-दहा दिवस आधी तयार होतं. जमिनीत ओल असतानाच वाल पेरता येतो. मजुरी वाचते ती वेगळीच. गावातली तरणी माणसं एमआयडीसीत, मुंबईत नाहीतर आखातात; लावणीला माणूस आणायचा कुठून? जी उरली त्यांत बाया जास्त. कंबर त्यांची जाते, चिखलात उभं राहून लेप्टोस्पायरोसिसची भीतीही त्यांनाच.

पुतणी : इतकं चांगलं आहे तर काकू अजून लावणी का करते?

काका : बरोब्बर विचारलंस. वरच्या खाचरात आपण वाफेच केलेत. खालच्यात पाणी तुंबतं, आणि एसआरटीला निचरा लागतो. दुसरी अडचण तणाची. नांगरट नाही म्हणून तणनाशक मारावं लागतं, बहुतेक ग्लायफोसेट. त्याच्या वापरावर केंद्र सरकारने 2022 मध्ये निर्बंध घातले. तेव्हा या पद्धतीला विषमुक्त म्हणणं खोटं ठरेल.

पुतणी : मग खालच्या खाचराला काहीच उपाय नाही?

काका : तिथे डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री. भाताचा पेंढा आणि तुसाची राख मातीला द्यायची, गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, रोपं 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर दोरीने लावायची आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वरून फेकलेला युरिया त्यात टिकतो कुठे? गोळी खोल राहते, हळूहळू लागू पडते. यात वाकणं सुटत नाही, पण खत वाया जात नाही आणि त्याच कष्टाला पीक जास्त येतं.

पुतणी : माझ्या कामाला यातलं काय लागू पडेल?

काका : पॉवर टिलर आला आणि चिखलणी लवकर होऊ लागली. भडसावळ्यांनी चिखलणीच काढून टाकली. तुमच्याकडे रोज जे अहवाल लिहिता, बैठका घेता, त्यांतलं कुणी वाचतं-ऐकतं का, ते आधी बघा. नको असलेलं काम भरभर केलं तरी ते नको असलेलंच राहतं.

पुतणी : गावातल्यांना काय सांगाल?

काका : पहिल्याच वर्षी सगळं शेत बदलू नका. निचऱ्याची दोन-तीन गुंठे जागा निवडा. तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात विचारा, सगुणा बागेत जाऊन वाफे डोळ्यांनी पाहा. आणि निर्णय घेताना घरातल्या बायांना आधी विचारा, कारण लावणीला वाकतात त्या.