शल्यचिकित्सकांतील व्यवसायजन्य वातव्याधी : निदान व परिहार

भंडारा जिल्ह्यातील वरठी हे गाव पोलाद कारखाना व भंडारा रोड रेल्वे स्थानक यांमुळे परिचित आहे. अशा औद्योगिक गावी कटिशूलाचा रुग्ण आला, की आपण प्रथम त्याच्या कामाचे स्वरूप विचारतो. हाच प्रश्न शल्यकर्म करणाऱ्या वैद्यास मात्र आपण क्वचितच विचारतो. २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शल्यकर्मांचे प्रशिक्षण विहित केल्यापासून या विषयाचे महत्त्व वाढले आहे.

निदान : सुश्रुताचार्यांनी मन्यास्तंभाच्या हेतूंत सदोष आसन व स्थान यांची गणना केली आहे. क्षारसूत्र बदलताना मान व कटी वाकविणे, दीर्घकाळ एका स्थितीत उभे राहणे, बाहू अधांतरी धरणे यांमुळे वातप्रकोप होऊन मन्यास्तंभ, अवबाहुक, विश्वाची वा कटिग्रह संभवतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,८२८ शल्यचिकित्सक व तत्सम तज्ज्ञांविषयीच्या एकत्रित विश्लेषणात मानेच्या मणक्यांची झीज १७ टक्के, खांद्याच्या स्नायुबंधांचे विकार १८ टक्के व कमरेच्या मणक्यांची झीज १९ टक्के आढळली. शस्त्रकर्मात हात कंप पावू नये, हा वैद्यगुण सुश्रुतांनीच सांगितला आहे. म्हणून वैद्याची वेदना ही रुग्णाच्या सुरक्षिततेचीही बाब ठरते.

परिहार : निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा होय.

१) टेबलाची उंची अशी ठेवावी, की हात कोपराच्या पातळीत किंवा किंचित खाली राहतील. दुर्बिणीच्या शस्त्रकर्मात साधने लांब असल्याने टेबल आणखी खाली घ्यावे. पडदा अगदी समोर, दृष्टीच्या किंचित खाली असावा.

२) क्षारसूत्रकर्मासाठी उंची बदलता येणारे व पाठीस आधार देणारे आसन वापरावे.

३) दीर्घ शस्त्रकर्मात दर ३० ते ४० मिनिटांनी, निर्जंतुकता न मोडता, एक-दोन मिनिटे मान, खांदे व कटी सैल करावी.

चिकित्सा : अवस्था पाहून अभ्यंग, स्वेदन, अवबाहुकात नस्य, कटिग्रहात कटिबस्ती योजावी. हातापायांत बधिरता वा दौर्बल्य, किंवा मलमूत्रावरील नियंत्रणात बिघाड असल्यास त्वरित तज्ज्ञ तपासणी करावी.

औषधालयचालक बंधूंनीही वेदनाशामक गोळ्या वा गुग्गुळकल्प वारंवार नेणाऱ्या ग्राहकास, मग तो वैद्य का असेना, त्याचे काम व चालू औषधे अवश्य विचारावीत. हेतू कायम राहिला, तर तेल व गुग्गुळ यांचा उपशय तात्पुरताच ठरतो, हे आम्ही आग्रहाने नमूद करतो.